पाचवा ठोका

परीक्षेच्या वर्गावर असताना फोन बंद ठेवायचा असतो. देवव्रतनं तो बंद केला नव्हता, नुसता मुका केला होता, आणि अकरा वाजून गेल्यावर तो त्याच्या खिशात, मांडीला लागून थरथरायला लागला. आधी एकदाच. मग जरा थांबून दोनदा. मग थांबेचना. अलिबागच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीची मुलं माना खाली घालून इतिहासाचा पेपर लिहीत होती, वरचा पंखा कुरकुरत होता, आणि भूगोलाचे सर दोन बाकांमधल्या वाटेत उभे राहून, टोपलीत जिवंत मासळी उडावी तसा उडणारा फोन हातानं दाबून धरत होते. एका मुलीनं पुरवणी मागितली. त्यानं ती दिली, दोराही दिला, आणि मग खिडकीशी जाऊन उगाचच मैदानाकडे बघत राहिला. काय झालंय ते त्याला ठाऊक होतं. 'खाजण'नं नवा ड्रमर निवडला होता. कोण, ते पेपर सुटल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते कळण्याची त्याला काडीची घाई नव्हती. फोन थरथरत होता तोवर जीवनची जागा रिकामी होती. रिकामी जागासुद्धा माणसाचीच असते, हे त्याला गेल्या सहा-सात महिन्यांत पुरतं कळून चुकलं होतं.

खाजण म्हणजे खरं तर भरतीचं खारं पाणी शिरून फुकट गेलेली जमीन. पण पनवेलच्या पोरांनी आपल्या बँडला हे नाव दिलं तेव्हापासून देवव्रतला आणि त्याच्यासारख्या काही हजार वेड्यांना त्या शब्दाचा दुसरा अर्थ उरला नव्हता. दहा-दहा, बारा-बारा मिनिटांची एकेक गाणी. गिटारींचा गदारोळ, मध्येच सगळं गप्प होऊन कुठेतरी वाजणारी एकटी तार, गाणारा आत्ता गातोय तर आत्ता पोटातून गुरगुरतोय, आणि ताल असा वाकडा की नवख्याला टाळी कुठे द्यायची तेच समजू नये. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात त्याला. देवव्रतची बायको आश्लेषा त्याला भांड्यांचं कपाट पडणं म्हणते. तुझं कपाट पडून झालं की जेवायला ये, असं ती स्वयंपाकघरातून सांगते आणि तो कानातली बोंडं काढून मुकाट्यानं जातो. किहीमला त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. घराण्यात संगीत म्हणजे फार तर गोदावरीआत्याची भजनं. अशा घरातला, चष्मा लावणारा, दुपारी दहीभात खाऊन डुलकी काढणारा मास्तर 'खाजणकर' नावाच्या चाहत्यांच्या गटाचा कारभारी असेल, अशी शंका कॉलेजात कोणाला येण्याचं कारण नव्हतं. त्यानंही कधी सांगितलं नाही. चारचौघांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, आणि ज्याला सांगावं असा एकच माणूस होता, त्याला सांगायची गरज नव्हती.

तो माणूस म्हणजे जीवन. थळचा, आगऱ्यांचा, ट्रकवाल्या दयारामचा मुलगा. देवव्रतला तो सापडला होता. सापडला हाच शब्द तो मनात वापरायचा, आणि वापरताना थोडा फुगायचाही. पंधराएक वर्षांपूर्वी थळमध्ये एका हळदीनं रस्ता अडवला होता आणि देवव्रत स्कूटर बंद करून वैतागून उभा होता. बेंजो पार्टी वाजत होती, बाया नाचत होत्या, हळदीनं माखलेला नवरा खांद्यावर होता, आणि त्या सगळ्या कल्लोळाखाली कोणीतरी काहीतरी भलतंच वाजवत होतं. चारच्या तालात हळूच सात घालून पुन्हा चारात येऊन मिसळत होतं, कोणाच्या पायाला न कळू देता. देवव्रतनं मोजलं. पुन्हा मोजलं. मग गर्दीत घुसून बघितलं तर बाविशीचा एक काळासावळा पोरगा, डोळे अर्धे मिटलेले, हातात काठ्या. पार्टी त्याच्या काकाची होती, तुळशीरामची. वाजवणं थांबल्यावर देवव्रतनं विचारलं की हे मध्येच सात कुठून आणलंस, तर पोरगा घाबरला. चुकलं म्हणून कोणीतरी दरडावायला आलंय असं त्याला वाटलं. मग हसला आणि तुळशीरामकाकाची रीत सांगितली. बेंजोत कोणी एक चुकला तर त्याला एकटा सोडायचा नाही. सगळ्यांनी त्याच्याबरोबर तीच चूक करायची, म्हणजे हळद थांबत नाही आणि पाहुण्यांना पत्ता लागत नाही. पुढच्या फेरीला सगळ्यांनी मिळून परत सरळ यायचं. त्यामुळे आपण मधूनमधून मुद्दाम चुकून बघतो, पार्टी मागे येते का ते, असं तो म्हणाला. देवव्रत त्या दिवशी घरी गेला तो वेगळाच माणूस होऊन. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं जीवनला परदेशी बँडांच्या गाण्यांनी भरलेला पेनड्राइव्ह नेऊन दिला. पुढचं सगळं त्यातून आलं. पनवेलचा कान्हा नावाचा गिटारवाला, खाजण, गावोगावचे कार्यक्रम. आपण नसतो तर हे झालं नसतं, हे देवव्रत कोणाला बोलून दाखवत नसे, पण ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वाक्य होतं.

पेपर सुटला. गठ्ठा जमा करून तो जिन्याखालच्या नकाशांच्या खोलीत गेला, दार लोटलं, आणि धुळकट पृथ्वीगोलाशेजारी बसून फोन उघडला. कारभारी म्हणून आधी गटात काय चाललंय ते बघणं भाग होतं. खाजणकरांनी एकमेकांची डोकी फोडायची तेवढी शिल्लक ठेवली होती. नवा ड्रमर मुलगी होती. मृणाली, उरणकडची, पंचविशीची. पहिल्या पन्नास-साठ जणांनी तर ते वाचूनच शिव्या दिल्या होत्या, व्हिडिओ लावायचीही तसदी न घेता. कोणी लिहिलं होतं की खाजण आज मेलं. कोणी जीवनच्या जुन्या फोटोला हार घालून तो टाकला होता, आणि त्याला दुसऱ्यानं झापलं होतं की माणूस जिवंत आहे रे, अक्कल गहाण ठेवलीस का. मुरुडची पूनम एरवी मोजकं बोलणारी, तिनं फक्त लिहिलं होतं की मला आज कामावर जाववत नाही. आणि उरणच्याच अल्पेशनं, ज्यानं दंडावर जीवनचं नाव गोंदवून घेतलं होतं, त्यानं सगळ्यांना जुनी शपथ आठवून दिली होती: जीवन नाही तर खाजण नाही. ती शपथ मुळात देवव्रतनंच लिहिली होती, दिवाळीनंतर जीवननं बँड सोडला त्या दिवशी. तेव्हा हजारभर लोकांनी तिच्याखाली मूठ उगारली होती. पण खाली, अजून खाली सरकत गेल्यावर सूर बदलत गेला. कोणीतरी लिहिलं, अरे आधी पाचवा ठोका तरी ऐका. मग दुसरा, मग चौथा, मग एकदम सगळेच. अंगावर काटा आला. रडू आलं. तोच थांबा, तोच. आणि सगळ्यांत शेवटी अल्पेश: मी माझे शब्द मागे घेतो, जीवनदा तिच्या हातात जिवंत आहे.

देवव्रतनं व्हिडिओ लावला. गाणं अर्थात 'सुकती'च होतं, दुसरं कुठलं असणार. सुकती म्हणजे ओहोटी; सात मात्रांचं, संथ गाणं. बारीक चणीची मुलगी, केस घट्ट बांधलेले, खाली बघून वाजवत होती. तो तिचा तिरस्कार करायला सज्ज बसला होता. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवा ठोका आला नाही. श्वासभर उशिरानं आला, आणि त्या श्वासात नकाशांची खोली, पृथ्वीगोल, मुलांचा बाहेरचा गलका, सगळं त्याच्याबरोबर थांबलं. केसाचाही फरक नव्हता. ती जीवन नव्हती, पण तो थांबा जीवनचाच होता, सहीसारखा. देवव्रतचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःची लाज वाटली, कारण ते पाणी दुःखाचं नव्हतं, सुटकेचं होतं. जीवन पुसला जाणार नव्हता. काहीतरी राहणार होतं. गेले कित्येक महिने त्याला हीच एक भीती खात होती, की आजारानं हात नेला तो नेला, आता लोक नावही नेतील.

त्या ठोक्याला नाव आणि मोठेपण देवव्रतनंच दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, अलिबागच्या मैदानावरच्या कार्यक्रमात जीवननं तो पहिल्यांदा वाजवला. 'सुकती' ते त्याआधी दोन वर्षं वाजवत होते, पण सरळ. कोणाच्या फारसं लक्षातही न राहणारं गाणं होतं ते. त्या दिवशी मध्यावर पाचवा ठोका मागे राहिला, कान्हाची गिटार त्याच्याबरोबर थांबली, बास थांबला, सगळं मैदान एका कड्यावर लटकल्यासारखं झालं, आणि मग सगळे एकदम उतरले. कोणीतरी ते फोनवर घेतलं होतं. त्याच रात्री देवव्रतनं ते गटात टाकलं आणि खाली दोन पानी लिहिलं. भूगोलाचा मास्तर, त्याला दुसरं काय सुचणार. त्यानं लिहिलं की भरती-ओहोटीच्या मध्ये एक क्षण असा असतो की पाणी येतही नाही आणि जातही नाही. फिरण्याआधी पाणी थांबतं. किनाऱ्यावर जन्मलेल्यालाच तो क्षण ठाऊक असतो, आणि जीवननं तो ठोक्यात धरला आहे. ते दोन पानी फिरत फिरत कुठच्या कुठे गेलं. लोक परदेशातून ऐकायला लागले. बँडनं गाणं ध्वनिमुद्रित केलं ते त्या थांब्यासह. आता जो तो बाकावर, स्टिअरिंगवर, स्वतःच्या गुडघ्यावर 'सुकती' वाजवायचा तो पाचव्यावर थांबूनच. मग पुढल्या वर्षी जीवनचा डावा हात थरथरायला लागला. काठी गळायला लागली. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं की म्हाताऱ्यांना होतो तो कंपवात कधीकधी तरुणपणीही होतो. जीवन तेव्हा छत्तिशीचाही नव्हता.

फोन पुन्हा थरथरला. कान्हाचा होता. तो भरभर बोलला, अपराधी माणसं बोलतात तसा. शनिवारी पनवेलला मृणालीचा पहिला कार्यक्रम आहे. पोरगी भेदरलेली आहे, लोक तिला काय काय लिहीत होते ते तिनं सगळं वाचलंय. जीवनदानं दोन शब्द बोलून पाठवले तर तिलाही बळ येईल आणि लोकांचीही तोंडं बंद होतील. आमचा फोन तो घेत नाही. दादा, तुमच्याशिवाय त्याला कोण सांगणार? देवव्रतनं विचारलं की एवढ्या जणांतून तिलाच का घेतलीत. कान्हा म्हणाला, बाकीच्यांचा हात तिच्यापेक्षा तयार होता, दादा, पण तो ठोका फक्त तिलाच जमला. इतरांचा मोजून उशीर व्हायचा, हिचा आपोआप होतो.

स्कूटर घेऊन तो निघाला तेव्हा दुपार कलली होती. रेवसच्या रस्त्यानं जाताना आपण आनंदाची बातमी घेऊन चाललोय असं तो स्वतःला बजावत होता, आणि बजावावं लागतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हेही त्याला जाणवत होतं. अंगठा हँडलच्या रबरावर आपला आपण वाजत होता, सात-सात, पाचव्यावर थांबत. थळकडे वळल्यावर खताच्या कारखान्याच्या धुराड्यावरची पांढरी वाफ दिसायला लागली. जीवननं एकदा सांगितलं होतं, लहानपणी त्याला वाटायचं की ढग तिथेच तयार होतात आणि मग बाकीच्या देशाला वाटले जातात. त्या आठवणीनं त्याला हसू आलं आणि ते तोंडातच विरलं. गेल्या भेटीत जीवन शर्टाची बटणं लावत होता. देवव्रत बोलत राहिला, हवा, आंबा, कॉलेजातली राजकारणं, काय वाटेल ते, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिला. एका बटणाशी तो माणूस झुंजत होता. मदत करावी तर अपमान, न करावी तर छळ. शेवटी सगुणाकाकी, जीवनची आई, आतून आली आणि काही न बोलता बटण लावून गेली, जसं पहिलीतल्या पोराचं लावतात.

आज सगुणाकाकी पडवीत मासळी साफ करत बसली होती, बुडाखाली जीवनचं ड्रमसमोरचं गोल, काळ्या गादीचं स्टूल. ड्रम कापडाखाली कोपऱ्यात होते, पण स्टूल फुकट का ठेवायचं, असा तिचा व्यवहार. देवव्रतला बघून तिनं कोपरानंच पदर सावरला, जीवन बाहेर बाकड्यावर बसलाय म्हणून सांगितलं, आणि आज जेवल्याबिगर जायचं नाही असंही. तो अंगणात गेला. जीवन समुद्राच्या बाजूला तोंड करून बसला होता, डावा हात मांडीखाली दाबून. हल्ली तो असाच बसायचा. चेहराही आताशा कमी हलायचा, त्यामुळे तो रागावलाय की कंटाळलाय की नुसता बसलाय, ते पंधरा वर्षांच्या दोस्तालाही कळत नसे.

"कोन घेतला?" जीवननंच विचारलं. म्हणजे त्याला आज काय आहे ते माहीत होतं.

देवव्रतनं सांगितलं. मुलगी आहे, उरणची आहे, तुमच्यातलीच आहे. जीवन म्हणाला, बरा झाला. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, आणि देवव्रतला इतकं हलकं वाटलं की तो एका दमात सगळं बोलून गेला. गटातल्या शिव्या, मग अश्रू, अल्पेशचं वाक्य, कान्हाचा निरोप. मग फोन जीवनच्या उजव्या हातात दिला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसला, जत्रेत लहान पोराला खेळणं घेऊन दिल्यावर बाप बघतो तसा. मृणाली वाजवायला लागली. चेहरा हलला नाही. पाचवा ठोका उशिरा आला, पुढच्या फेरीला उशिरा आला, त्याच्या पुढच्याही. पडवीतून सगुणाकाकीच्या कोयत्याचा खाटकन आवाज येत होता. जीवननं व्हिडिओ संपू दिला, पुन्हा लावला, आणि मध्येच बंद केला.

"ह्या ती मुद्दाम करते?"

"मुद्दाम म्हणजे? तुझाच ठोका आहे तो, जीवन. तिनं जसाच्या तसा उचललाय. म्हणून तर तिला घेतली."

जीवननं मांडीखालचा डावा हात बाहेर काढला आणि बाकड्यावर दोघांच्या मध्ये ठेवला. हात थरथरत होता, आपल्याच नादात, कोणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा.

"तो ठोका मी ठेवला नव्हता, देवा. माजा हात मागं ऱ्हायला."

देवव्रतला शब्द कळले आणि अर्थ कळायला वेळ लागला. जीवन मात्र शांतपणे सांगत होता, जणू ही दुसऱ्याच कोणाची हकिगत आहे. अलिबागच्या त्या दिवशी पाचव्याला हात उचलायचा तो उचललाच गेला नाही. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा झाला. कान्हानं बघितलं आणि थांबला. बासवाला थांबला. चुकणाऱ्याला एकटा सोडायचा नाही, ही बेंजोची रीत जीवननंच त्यांना शिकवली होती, पनवेलच्या त्या खोलीत, पहिल्याच महिन्यात. पुढच्या फेरीला परत सरळ यायचं होतं. "मी आलोच न्हाय. हात आलाच न्हाय. मंग ते पन न्हाय आले. आनि मंग सगला गाव थांबाय लागला."

मग तू तेव्हाच का नाही बोललास, असं देवव्रतनं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला त्याचं उत्तर दिसलं, भरतीचं पाणी उंबऱ्याशी आलेलं दिसावं तसं.

"बोलनार होतो," जीवन म्हणाला. "सकाली तुजा लिवलेला वाचला. फिरताना पानी थांबतं. मना बी बरा वाटला, रे. वाटला, आसंल. मीच ठेवला आसंल तो. वरीसभर तसाच वाटत ऱ्हायला. डॉक्टरनी मंग इचारला, हात कवापासून मागं पडतो. मी बोललो, लोकांना आवडाय लागला तवापासून."

त्यात टोमणा नव्हता. असता तर देवव्रतला पकडायला काहीतरी मिळालं असतं. त्याला आठवलं, त्या वर्षभरात जीवन त्याला दोन-तीनदा म्हणाला होता की हात जड वाटतो, आणि त्यानं हसून सांगितलं होतं की प्रसिद्धीचं वजन आहे ते, सवय होईल. त्याला आठवलं की मैदानावर तो अगदी पुढे उभा होता आणि थांब्याच्या क्षणी त्यानं जीवनच्या चेहऱ्यावर काहीतरी पाहिलं होतं, आणि घरी येऊन त्याला त्यानं समाधी असा शब्द वापरला होता. ती भीती होती. कोणाही पोराला कळली असती. आणि आता परदेशातली, पनवेलातली, मुरुडची माणसं गुडघ्यांवर जी वाजवत होती, उरणच्या एका पोरीनं रात्रंदिवस घासून जी हातात बसवली होती, ती एका माणसाच्या आजाराची पहिली कळ होती. हजारो लोक ती जपत होते. जपा असं त्यानंच त्यांना सांगितलं होतं. आपण जीवनचं काहीतरी राहणार म्हणून मघाशी रडलो ते हे, असं त्याच्या मनात आलं.

मी सांगतो सगळ्यांना, आत्ता लिहितो, असं तो म्हणाला आणि फोन घ्यायला गेला. जीवननं मान हलवली. कोण ऐकणार, त्यानं विचारलं, आणि देवव्रतच्या डोळ्यांसमोर आलंच की अल्पेश काय लिहील. जीवनदाचा अपमान करतोस, मास्तर? असं लिहील. आणि ते खरंही वाटेल.

"लिवू नको. येक काम कर," जीवन म्हणाला. "मी तिला बोलतो. कान्हाला पायजे तसा बोलतो. पन तू सरल वाजवून दाखव. पयला वाजवायचो तसा. मी बोलंन, पोरी, ह्या असा हाय, असा वाजव. माज्या हातानी आता येत न्हाय, आनि तवाचा कोनी भरून ठेवलेला न्हाय. तू होतास. दोन वर्सा तूच ऐकलास, दर येला, म्होरं उभा राहून."

त्याचे डोळे देवव्रतवर होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या न हलणाऱ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याला हवं होतं ते एवढंच होतं. तो धडधाकट असताना जसा होता तसा कोणाच्यातरी आत शिल्लक आहे, हे त्याला एकदा ऐकायचं होतं. देवव्रतनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, चित्रण चालू केलं, आणि बाकड्याच्या लाकडावर बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. बोट थांबलं. तो हसला, चुकून झालं म्हणाला, पुन्हा सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, आणि पुन्हा बोट हवेत थांबलं, पाणी फिरण्याची वाट बघत. आता त्यानं तोंडानं मोजायला घेतलं, मोठ्यानं, वर्गात म्हणतात तसं. तोंड वेळेवर पाच म्हणालं आणि बोट मागे राहिलं. हॉलमधले ते जुने कार्यक्रम तो आठवायला लागला, खुर्च्यांच्या रांगा, स्पीकरची खरखर, घामाचा वास, काठ्या उचलताना जीवन खालचा ओठ दातांत धरायचा ते. सगळं आठवत होतं. तो दुमडलेला ओठसुद्धा दिसत होता. फक्त ऐकू येत होतं ते त्या फेब्रुवारीतलं. ज्यानं या माणसाला शोधून काढला होता, ज्यानं त्याला सगळ्यांआधी आणि सगळ्यांहून जास्त ऐकला होता, त्याच्या कानात तो उरला नव्हता. त्यानं घाईघाईनं पुन्हा वाजवलं, मुद्दाम लवकर, तर ते भलतंच काहीतरी झालं, कोणाचंच नसलेलं. मग जरा सावकाश. बोट थांबलं.

जीवन त्याच्या बोटाकडे बघत होता. बराच वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला, आणि डावा हात त्यानं उचलून परत मांडीखाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. आणि तांब्याला टेकलेल्या फोनकडे वळून, स्वच्छ, हळू आवाजात, "मृणाली, बरोबर वाजवतेस. असाच वाजव."

देवव्रतनं त्याला थांबवायला हवं होतं. त्यानं चित्रण बंद केलं, आपल्या बोटांचा भाग कापला, आणि शेवटचं ते वाक्य कान्हाला पाठवलं. हात यंत्रासारखे चालत होते. थोड्याच वेळात ते गटात आलं आणि फोन बाकड्यावर ठेवला होता तिथे थरथरायला लागला, लाकूड गुरगुरायला लागलं, आणि थांबेचना. काय बोलतात, असं जीवननं विचारलं. सगळे रडतायत, देवव्रत म्हणाला. अल्पेशनं लिहिलंय, आता त्या ठोक्याला कोणी हात लावायचा नाही. जीवननं मान डोलावली.

आतून सगुणाकाकीनं पानं घेतल्याची हाक दिली. जीवन बाकड्याला धरून उठला आणि घराकडे चालायला लागला, देवव्रत त्याच्या शेजारून. वारा पडला होता आणि कारखान्याची वाफ सरळ वर चढत होती. पडवीच्या दोन पायऱ्या जीवन भिंतीला हात लावून चढला. उंबऱ्याशी त्याचा डावा पाय मागे राहिला, आणि देवव्रतही थांबला.